चाळीस हजारांची गाडी, सत्तर हजारांचा खर्च

पत्र थोडक्यात असं आहे: सांगलीजवळच्या एक ताई, वय ५४, माध्यमिक शाळेत शिक्षिका. १९९९ साली शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून त्यांनी मारुती ८०० घेतली, फिकट निळी, स्वतःच्या नावावर. सासर-माहेर दोन्हीकडे गाडी चालवणारी पहिली बाई त्याच. मुलाला पाळणाघरात सोडण्यापासून ते आईला मिरजेला दवाखान्यात नेण्यापर्यंत सगळं त्या गाडीतून झालं. यंदा जानेवारीत मुलगा (वय २५, पुण्याला नोकरी) घरी आला होता, रात्री जयसिंगपूरहून येताना अंकली पुलाच्या अलीकडे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी मागून धडकली. ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. मुलाला कपाळावर पाच टाके आणि छातीला मुका मार, बेल्ट लावला होता म्हणून एवढ्यावर निभावलं. गाडीची पुढची डावी बाजू आत गेलीय. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरणारा, आपल्या गाडीचं नाही. गॅरेजवाल्याने अंदाज दिलाय सत्तर हजार. मिस्टर म्हणतात, चाळीसच्या गाडीवर सत्तर घालणं म्हणजे वेडेपणा, भंगारात द्या. मुलगा म्हणतो, मम्मी मी पैसे देतो, करून घे. आणि ताई विचारतात, "निर्जीव वस्तूत एवढा जीव अडकणं बरोबर आहे का? दुरुस्त करू की सोडून देऊ? मुलाला नाही म्हटलं तर त्याला वाटेल मी अजून रागावलेय."

ताई, नमस्कार.

'बेल्ट लावला होता' ही ओळ येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता, ती वाचली आणि भांड्यात पडला. गळीत हंगामात तुमच्याकडे दरवर्षी हेच चालतं, दोन-दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या, टेललाईटचा पत्ता नाही, टायर फुटला की चाकाला दगड लावून आहे तिथेच उभी, आणि मागून येणाऱ्याला ऊस दिसतो तोच मुळी काचेजवळ आल्यावर. तेव्हा घरात कुणी अजून 'पोरानं गाडी ठोकली' असं म्हणत असेल तर ते आधी बंद करा, गमतीतही नको.

आता गाडीबद्दल. जीव अडकणं बरोबर आहे का म्हणता, अहो सव्वीस-सत्तावीस वर्षांत माणसाचा मिक्सरमध्ये पण जीव अडकतो. तुम्ही लिहिलंय की दाराच्या कप्प्यात अजून खडूचे तुकडे आणि फळा पुसायचं फडकं पडलंय, आणि थंडीत चोक ओढून दोन मिनिटं थांबायची हाताला इतकी सवय की मिस्टरांच्या नव्या गाडीत बसलात तरी हात तिथेच जातो. हे वाचून मला तुम्हाला शहाणपण शिकवावंसं वाटलं नाही. पण जीव अडकलाय म्हणून दुरुस्त करा हे जसं उत्तर नाही तसं जीव अडकणं हा बावळटपणा आहे म्हणून सोडा हेही उत्तर नाही, आणि मला तर शंका आहे की जीव नेमका कशात अडकलाय हे अजून तुमचं तुम्हालाच दिसलेलं नाही. त्यावर येतेच, आधी मिस्टरांचं गणित.

चाळीसच्या गाडीवर सत्तर. गणित चूक नाही पण ते गाडी विकणाऱ्याचं गणित आहे, नाहीतर इन्शुरन्स कंपनीचं. कंपन्यांचा ठरलेला हिशोब असतो, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या (ती आयडीव्ही म्हणतात ती) ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरायचं आणि मोकळं व्हायचं. त्यांना ती गाडी घेऊन शाळेत जायचं नसतं. तुम्हाला गाडी विकायची नाहीये, मग विकायच्या किमतीशी कशाला ताडून बघायचं? विचारायचं असं की सत्तर हजारात मला दुसरी कुठली गाडी मिळेल. तर मिळेल कुणाची तरी तशीच जुनी ८०० नाहीतर खूप चाललेली अल्टो, जिची दुखणी तुम्हाला माहीत नाहीत. आपल्या गाडीची निदान माहीत असतात.

इथपर्यंत वाचून तुम्ही गॅरेजला फोन लावायला निघाला असाल तर थांबा. कारण त्या सत्तरवर माझा विश्वास नाही. बॉनेट दाबला गेल्यामुळे तो अजून उघडलाच नाही हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे आतलं काही न बघता सांगितलेला आकडा आहे तो, आणि असा आकडा खाली आलेला मी तरी आजवर बघितला नाही. उघडल्यावर रेडिएटर निघतो, मग फॅन, मग इंजिनचं माउंटिंग, मग 'मॅडम होजपाईप पण कडक झालेत, हातासरशी बदलून टाकू'. आणि शेवटी रंग. पुढचं एक मडगार्ड आणि बॉनेट नव्या फिकट निळ्यात आणि बाकीची गाडी सत्तावीस वर्षं उन्हात भाजलेल्या फिकट निळ्यात, ते काही जुळत नाही, मग 'सगळीच मारून घेऊ'. अशी सत्तरची नव्वद होते आणि नव्वदची एक लाख दहा. म्हणून सुरुवातीलाच तुमचा तुम्ही एक आकडा ठरवा, समजा पंच्याऐंशी, कागदावर लिहा आणि त्याच्या वर गेलं की थांबायचं. हा आकडा गॅरेजवाल्याला मात्र सांगू नका, नाहीतर अंदाज बरोब्बर तेवढाच येईल.

मिस्टर असंही म्हणतात ना की पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरकार बंदच करणार आहे. हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय. ती बंदी दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआर भागातली, पेट्रोल पंधरा आणि डिझेल दहा वर्षं, आणि तिथेही त्यावर कोर्टकचेऱ्या चालूच आहेत. आपल्याकडे खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी संपतं आणि मग दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून वाढवून घ्यायचं, वर पर्यावरण कर. तुमची २०१४, २०१९, २०२४ अशी तीनदा वाढवून झालीय, तुम्हीच रांगेत उभ्या राहिलायत. पुढची वेळ २०२९. फरक एवढाच की फी चढत चाललीय, २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीला पाच हजार झाली होती, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. ते गणितात धरा. पण 'उद्या बंद होणार' म्हणून घाबरून भंगारात देऊ नका. (आणि कुणी व्हिंटेजमध्ये, म्हणजे जपून ठेवलेल्या जुन्या गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीत, टाका म्हणालं तर त्याला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे तुम्हाला २०४९ पर्यंत थांबावं लागेल, आणि त्या नंबरावर रोजची ये-जा करता येत नाही ती नाहीच.)

पार्टची काळजी करू नका. ही गाडी १९८३ ते २०१४ एवढी वर्षं निघत होती, पंचवीस लाखांच्या वर गाड्या झाल्या, आणि इंजिन तेच ७९६ सीसीचं जे ओम्नीत होतं, त्यामुळे इंजिनचं सामान तालुक्याच्या गावीही मिळतं. पत्र्याचं सामान बघून घ्यावं लागतं कारण मधे मधे गाडीचं तोंड बदललं, १९९९ च्या गाडीला नंतरच्या मॉडेलचा हेडलाईट बसेलच असं नाही. पुण्याला नाना पेठेत फिरलात तर मिळून जाईल, मुलगा तिथेच आहे, त्याला पाठवा. पैसे देण्यापेक्षा हे काम त्याला जास्त मानवेल असं मला वाटतं.

मग खरी अडचण कुठेय? पत्र्याच्या आत. आणि इथे मी जरा सविस्तर लिहिते कारण अशी पत्रं महिन्याला दोन तरी येतात, कुणाची फियाट, कुणाची झेन, आणि सगळे विचारतात खर्च किती, कुणीच विचारत नाही की गाडी सरळ आहे का.

या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. समोरून मार बसला की बंपर, शो (पुढची जाळी), बॉनेट, मडगार्ड हे सगळं बाहेरचं, नटबोल्टचं, ते कितीही चेपलं तरी बदलता येतं. त्याच्या मागे दोन्ही बाजूला पुढे आलेल्या दोन पोकळ तुळया असतात आणि शॉकॲब्सॉर्बर वर जिथे बसतो ती जागा असते, गॅरेजवाले त्याला ॲप्रन म्हणतात. मार तिथपर्यंत गेला असेल तर गोष्ट वेगळी. तुम्हाला मेकॅनिक व्हायची गरज नाही, एवढंच करा. डावं पुढचं दार उघडून बंद करा, पूर्वीसारखं अलगद लागतंय की खाली घासतंय किंवा वर फट दिसतेय? घासत असेल तर काचेशेजारचा खांब हलला असण्याची शक्यता आहे. पाय ठेवतो तिथलं मॅटिंग उचला आणि पत्र्याला सुरकुती पडलीय का ते बघा. सुरकुती दिसली तर मला वाटतं तिथेच विषय संपला. आणि बॉनेट उघडल्यावर डेंटरला (पत्र्याचं काम करणाऱ्याला) टेप लावून आडवं-तिडवं माप घ्यायला सांगा, डाव्या शॉकॲब्सॉर्बरच्या बोल्टपासून उजव्या हेडलाईटच्या खाचेपर्यंत आणि मग उलट. दोन मापं जवळपास सारखी हवीत. बोटभर फरक असेल आणि तो 'ओढून घेतो मॅडम' म्हणाला तर कसं ओढणार ते विचारा. बेंचवर (गाडी जखडून सरळ करायच्या लोखंडी सांगाड्यावर) बांधून ओढणार असेल तर बोलणं पुढे न्या, झाडाला साखळी बांधून ओढणार असेल तर नमस्कार करून निघा. असं खरंच करतात, मी डोळ्यानं बघितलंय.

दुसरं म्हणजे गंज. सत्तावीस वर्षांच्या गाडीत खालचा पत्रा किती उरलाय हे गाडी वर घेतल्याशिवाय कळत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं, खणखण वाजलं तर पत्रा आहे, भदभद वाजलं तर लांबी (म्हणजे पुट्टी) भरलीय नाहीतर गंज. नव्या पत्र्याला टाका मारायला मागे धड पत्रा लागतो, नाहीतर वेल्डिंग पकडतं कशाला? आणि कुणी म्हणालं की एका भंगारातल्या ८०० चं अख्खं तोंड कापून आणतो आणि जोडून देतो, स्वस्तात होईल, तर स्वच्छ नाही म्हणा. दिसायला छान दिसेल पण गाडी मधोमध शिवलेली असेल, आणि पुढच्या वेळी मार बसला तर कुठे उसवेल सांगता येत नाही. चासी नंबर कोरलेला पत्रा तर कुणालाही कापू देऊ नका, २०२९ ला आरटीओत उत्तर देत बसाल.

ही तपासणी गाडी दुरुस्त करणाराच करणार असेल तर त्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी, कोल्हापूरला उद्यमनगरात बसणारा एखादा जुना डेंटर किंवा इन्शुरन्सचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) ओळखीत असेल तर त्याला, हजार-दोन हजार देऊन बघायला न्या. सत्तर वाचतील किंवा सत्तर घालताना झोप लागेल.

इन्शुरन्सवरून तुम्ही स्वतःला फार बोल लावलाय, फुल का नाही घेतला म्हणून. एवढं मनाला लावून घेऊ नका. दहा वर्षांवरच्या गाडीला लोखंडी भागांवर ५० टक्के घसारा कापतात, रबर-प्लास्टिकवर ५० टक्के, आणि मुळात किंमतच चाळीस धरलेली असती तर टोटल लॉस म्हणून त्यातलेच काहीतरी हातात टेकवून फाईल बंद. ट्रॅक्टरवाला बिचारा कर्जबाजारी होता म्हणून तुम्ही पोलिसात गेला नाहीत, तो तुमचा चांगुलपणा, मी नावं ठेवणार नाही. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांनो, ट्रॉलीचा आणि ट्रॅक्टरचा नंबर दिसेल असे फोटो काढा, दिवा-रिफ्लेक्टर नव्हता ते दिसेल असा एक काढा, पंचनामा करून घ्या. समोरच्याच्या थर्ड पार्टी इन्शुरन्समधून आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करता येतो, पण कागद लागतात, आणि सहा महिन्यांच्या आत अर्ज करून ठेवावा.

बरं, समजा गाडी सरळ निघाली, गंजही फार नाही. तर करा, माझं मत करा असंच आहे. पण करून झाल्यावर ती कुठे चालवणार हे आत्ताच ठरवा. तिला एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) नाही, २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस सक्तीचं झालं आणि तुमची त्याच्या वीस वर्षं आधीची. एकदा मुडपलेला पत्रा सरळ केला तरी तो पहिल्यासारखा राहत नाही, तार दोनदा वाकवून बघा. तेव्हा घर, शाळा, भाजी, मिरज, दिवसा. रात्रीचा हायवे नाही, पुण्याला जाणं नाही, आणि ऊस चालू असताना अंधार पडल्यावर तर नाहीच. एवढ्यावर तुमचं समाधान होत असेल तर ती अजून पाच वर्षं सुखाने चालेल.

आता मुलगा. तुम्हाला वाटतं नाही म्हटलं तर त्याला वाटेल मम्मी रागावलीय. पण हे त्यानं सांगितलं का तुम्हाला? पत्रात तरी नाही. त्यानं सांगितलंय फक्त 'मी पैसे देतो'. पंचविशीतल्या पोरांना माफी मागता येत नाही, ती पैसे देऊ करतात. आमच्याकडे भावाच्या हातून वडिलांची स्कूटर पडली होती, त्यानं पहिल्या पगारातून ती नवीकोरी करून आणली, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मग ती पाच वर्षं जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी, उंदरांनी वायरिंग खाल्लं. भावाला तिच्यावर बसवत नव्हतं, वडिलांना बस म्हणवत नव्हतं. तेव्हा पैशांचं नंतर बघू, आधी त्याला विचारा की गाडी झाली तर तू चालवशील का. तो घुटमळला तर कळेल. आणि तुम्ही रागावलेल्या नाही आहात हे त्याला सांगायला गाडी मधे कशाला पाहिजे, रविवारी फोन येतोच की.

मिस्टरांचं सांगते. तुम्ही एके ठिकाणी सहज लिहून गेलायत की दीड महिना झाला, गाडी घरापासून चार किलोमीटरवर उभी आहे, 'हे एकदाही बघायला गेले नाहीत'. ताई, रात्री साडेदहाला फोन आला तेव्हा तिथे पोचलेला पहिला माणूस तेच होते ना? ती गाडी त्यांनी ट्रॉलीखाली बघितलीय, तुम्ही बघितलीत ती गॅरेजमध्ये. मला नाही वाटत ते पैशावर भांडतायत. चाळीस-सत्तर बोलायला सोपं असतं म्हणून बोलतायत.

राहता राहिलं तुमचं. पत्र मी तीनदा वाचलं. 'माझी गाडी' हा शब्द अकरा वेळा आलाय, मोजले. आणि शेवटून दुसऱ्या पानावर आहे की सध्या शाळेला रिक्षाने जाते, मिस्टरांची मोठी गाडी आहे पण 'ती त्यांना लागते', आणि परवा आईकडे जायचं होतं तर विचारावं लागलं. मला वाटतं जीव तिथे अडकलाय. सत्तावीस वर्षं कुणाला न विचारता किल्ली उचलून निघत होतात. गाडी भंगारात गेली तर सत्तर हजार 'वाचले' म्हणून ते घरखर्चात विरघळतील, नाहीतर हॉलच्या फर्निचरमध्ये जातील, आणि तुम्ही रिक्षात. याबद्दल घरात कुणीच बोललेलं नाही, तुम्हीसुद्धा नाही.

म्हणून माझं सांगणं असं. गाडी सरळ निघाली तर दुरुस्त करा, निम्मे पैसे तुम्ही घाला, मुलाकडून त्याला झेपेल तेवढेच घ्या. वाकडी निघाली तर सोडा, पण त्याआधी मिस्टरांशी एवढं ठरवून घ्या की ते पंच्याऐंशी हजार माझ्या दुसऱ्या छोट्या गाडीचे, वर थोडं पतसंस्थेचं कर्ज, आणि आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) माझ्या नावावर. मग अल्टो असो नाहीतर वॅगनआर.

सोडायची वेळ आली तर कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊन मोकळ्या होऊ नका, तो पाच हजार जास्त देईल पण आरसी तुमच्या नावावर जिवंत राहते आणि तुमच्या नंबराची गाडी कुठे काय करतेय ते तुम्हाला कळणार नाही. परवाना असलेल्या स्क्रॅपिंग सेंटरला द्या, ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला देतात, नवी कोरी गाडी घेतलीत तर टॅक्समध्ये सवलतीला चालतं, आणि आरटीओत रजिस्ट्रेशन रद्द झाल्याचा कागद स्वतः हातात घ्या. देण्याआधी दाराचा कप्पा रिकामा करा. चोकचा दांडा काढून घेतलात तरी कुणी विचारणार नाही.

डेंटरकडे जाल तेव्हा मिस्टरांना बरोबर न्या. गाडी बघायला चला म्हणाल तर येणार नाहीत, चहा प्यायला म्हणून न्या, गॅरेजच्या बाहेर टपरी असतेच.